सेंटर फिल्डला खेळलेला माणूस मॅनेजर म्हणून कमी पडतो का? कोजी यामामोतो यांच्या कारकिर्दीविषयी

प्रश्न
क्रीडाशिक्षिका, चोपडा

नमस्कार. आमच्या तालुक्यातील मुलींच्या सॉफ्टबॉल संघासाठी प्रशिक्षक नेमायचा आहे आणि दोन नावे पुढे आली आहेत. एक जण पूर्वी कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा, होता, तर दुसरा सगळी वर्षे सेंटर फिल्डला, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात मधोमध, खेळला. मंडळातील ज्येष्ठांचा कल कॅचरकडे आहे. त्यांचे म्हणणे असे की, कॅचरच्या डोळ्यांसमोर सगळे मैदान असते, प्रत्येक चेंडूचा हिशेब त्याच्याकडे असतो. लांब मागे उभ्या राहणाऱ्या माणसाला डाव काय कळणार? आपल्याकडे आउटफिल्डला कोणाला पाठवतात हेही सर्वांना ठाऊक आहे. जिच्या हातून झेल सुटतो तिला मागे धाडायचे, ही सवय अजून गेलेली नाही. चैत्र-वैशाखात दुपारी चार वाजताही आमचे मैदान भाजत असते, काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतात आणि घरंगळत आलेला चेंडू भेगेच्या काठाला लागून भलतीकडेच उडतो. अशा मैदानावर मागे उभी राहणारी मुलगी काय काय सांभाळते ते मी रोज पाहते, म्हणून ज्येष्ठांचे हे मत माझ्या गळी उतरत नाही. पण बैठकीत नुसते तसे सांगून भागणार नाही, दाखला द्यावा लागेल.

येथे जपानी बेसबॉल बारकाईने पाहणारे काही जण आहेत. हिरोशिमा कार्प संघाचे कोजी यामामोतो हे थोर सेंटर फिल्डर होते आणि पुढे ते दोन वेळा त्याच संघाचे मॅनेजर, म्हणजे डाव चालवणारे मुख्य प्रशिक्षक, झाले, एवढे मला माहीत आहे. मात्र खेळाडू म्हणून त्यांचे नाव जितक्या आदराने घेतले जाते तितके मॅनेजर म्हणून घेतले जात नाही, असे वाचनात येते. हे खरे आहे का? आणि खरे असल्यास त्याचे कारण त्यांची मैदानावरची जागा हेच मानायचे का?

उत्तर १
तापीकाठ

ताई, दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. परंतु त्यासाठी आधी हा माणूस कोणत्या संघातून आला ते पाहावे लागते, कारण कार्प हा संघ बाजूला ठेवून यामामोतो समजत नाहीत.

हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब पडला. यामामोतो यांचा जन्म त्याच परिसरात २५ ऑक्टोबर १९४६ रोजी झाला. ते तीन-चार वर्षांचे असताना, उद्ध्वस्त शहर अजून उभे राहत असताना, तेथे कार्प हा व्यावसायिक संघ निघाला आणि १९५० मध्ये सेंट्रल लीगमध्ये उतरला. इतर संघांच्या मागे वृत्तपत्रे होती, रेल्वे कंपन्या होत्या. या संघाच्या मागे तसा धनवान आश्रयदाता नव्हता. १९५१ मध्ये तो मोडीत निघण्याच्या बेतात होता, तेव्हा पहिले मॅनेजर शुइची इशिमोतो यांनी लोकांनाच साद घातली. मैदानाच्या दाराशी साके या मद्याची लाकडी पिंपे ठेवण्यात आली आणि सामना पाहायला येणाऱ्यांनी त्यांत आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे टाकले. आपल्याकडे गावोगावच्या शाळा जशा लोकवर्गणीतून उभ्या राहिल्या, तसाच हा संघ तगला. त्यामुळे हिरोशिमाच्या मुलाने कार्पकडून खेळणे याला तेथे नोकरीपेक्षा वेगळा अर्थ आहे.

यामामोतो तोक्योतील होसेई विद्यापीठात शिकले. त्याच वर्गात कोइची ताबुची हे कॅचर आणि मासारू तोमिता हे इनफिल्डर होते, आणि व्यावसायिक संघ नवे खेळाडू घेतात त्या १९६८ च्या निवडप्रक्रियेत हे तिघेही पहिल्याच फेरीत निवडले गेले. ताबुची यांचे नाव लक्षात ठेवा, कारण आपल्या वादाशी त्यांचा थेट संबंध आहे. यामामोतो यांना कार्पनेच घेतले, म्हणजे मुलगा घरी परत आला.

आता आकडे पाहा, कारण या कारकिर्दीतली सर्वांत विलक्षण गोष्ट आकड्यांतच आहे. १९६९ च्या पहिल्या हंगामात त्यांनी १२ होमरन, म्हणजे थेट सीमेबाहेरचे टोले, मारले, नंतर २२, मग १०. पहिल्या ८ हंगामांत मिळून १६९. चांगला फलंदाज, पण दंतकथा व्हावी असे काही नाही. त्यांनी तिशी ओलांडली आणि १९७७ पासूनच्या ५ हंगामांत अनुक्रमे ४४, ४४, ४२, ४४ आणि ४३ होमरन झाले. १९८६ मध्ये चाळिशीच्या उंबरठ्यावर निवृत्त होतानाच्या हंगामातही २७ झाले. एकूण ५३६. म्हणजे त्यांतले ३६७ तिशीनंतरचे! चार वेळा होमरनचा आणि तीन वेळा सर्वाधिक धावा घरी आणण्याचा मान, १९७५ चे फलंदाजीचे अजिंक्यपद, १९७५ आणि १९८० मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू. हिरोशिमाचे जुने मैदान लहान होते आणि त्याचा लाभ फलंदाजांना मिळे, हे मान्य करायला हवे. पण ते मैदान तर संघातल्या सगळ्यांनाच मिळत होते.

तुमच्या मुलींना मात्र होमरनपेक्षा दुसरी गोष्ट सांगा. १९७२ ते १९८१ अशी सलग १० वर्षे क्षेत्ररक्षणाचा सर्वोच्च सन्मान या माणसाकडे होता आणि तो सेंटर फिल्डला उभे राहून मिळवलेला होता. संघातल्या सर्वांत भरवशाच्या माणसाला तेथे मागे ठेवलेले होते.

१९७५ साली अमेरिकेतून आलेले मॅनेजर जो लुट्झ यांनी संघाची टोपी निळ्याची लाल केली. पंचांशी झालेल्या वादानंतर ते हंगामाच्या आरंभीच सोडून गेले आणि पुढे सूत्रे ताकेशी कोबा यांच्याकडे आली. त्या वर्षी जुलैमधल्या ऑल-स्टार सामन्यात यामामोतो आणि साचिओ किनुगासा या दोघांनीही प्रत्येकी दोन होमरन मारले, तेव्हा लाल टोपीकडे साऱ्या देशाचे लक्ष गेले. १५ ऑक्टोबर १९७५ रोजी तोक्योतील कोराकुएन मैदानावर, जायंट्सना त्यांच्याच घरी हरवून, कार्पने पहिले लीग अजिंक्यपद मिळवले. स्थापनेपासून पाव शतक गेले होते. सेंटर फिल्डवरून येताना यामामोतो यांच्या डोळ्यांतले पाणी थांबत नव्हते. त्यानंतर १९७९, १९८० आणि १९८४ मध्ये संघाने जपान सिरीजही, म्हणजे जपानच्या दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिकाही, जिंकली. त्यांच्या जर्सीवरचा ८ क्रमांक कार्पने कायमचा राखून ठेवला आहे.

आता ताबुची. हे कॅचर होते, ४७४ होमरन मारणारे मोठे खेळाडू. १९९० ते १९९२ या तीन हंगामांत ते दायेई हॉक्सचे मॅनेजर होते आणि संघ अनुक्रमे सहावा, पाचवा व चौथा आला. त्याच सुमारास त्यांचे वर्गमित्र सेंटर फिल्डर यामामोतो १९८९ आणि १९९० मध्ये दुसरे आणि १९९१ मध्ये पहिले आले. ज्येष्ठांच्या नियमानुसार हे उलटे व्हायला हवे होते.

उत्तर २
भुसावळचा जुना कॅचर

मी स्वतः कॅचर होतो, तेव्हा दुसरी बाजूही नीट मांडली जावी असे मला वाटते. ज्येष्ठ जे म्हणत आहेत ते हवेतून आलेले नाही. जपानमध्ये कात्सुया नोमुरा हे कॅचर होते. त्यांनी याकुल्ट संघाला १९९३, १९९५ आणि १९९७ मध्ये जपान सिरीज जिंकून दिली. मासाआकी मोरी हेही कॅचर. सेइबूचे मॅनेजर म्हणून १९८६ ते १९९४ या ९ हंगामांत ८ लीग अजिंक्यपदे आणि ६ वेळा जपान सिरीज. इतके सातत्य क्वचितच कोणाच्या वाट्याला आले असेल. एका चेंडूवरून पुढचा चेंडू ओळखण्याची सवय त्यांना जागेनेच लावली, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

परंतु १९९१ ची जपान सिरीज मी विसरू शकत नाही, कारण तेथे तुमच्याच प्रश्नाची परीक्षा झाली. एका बाजूला मोरी यांचा बलाढ्य सेइबू, दुसऱ्या बाजूला यामामोतो यांचा कार्प. पाचव्या सामन्यानंतर कार्प ३-२ असा पुढे होता. शेवटचे दोन सामने सेइबूने ६-१ आणि ७-१ असे घेतले आणि मालिका ४-३ ने जिंकली. केवळ निकाल पाहिला तर कॅचर जिंकला. मात्र दोन्ही संघांची ताकद समोर ठेवली तर यामामोतो यांनी मालिका सातव्या सामन्यापर्यंत नेली हेच मला मोठे वाटते. (त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेले सेइबूचे सेंटर फिल्डर कोजी अकियामा पुढे सॉफ्टबँकचे मॅनेजर झाले आणि २०११ व २०१४ मध्ये त्यांनी जपान सिरीज जिंकली. हे मला माझ्याच बाजूविरुद्ध सांगावे लागत आहे.)

त्या हंगामात आणखी एक गोष्ट घडली. शेवटच्या इनिंगमध्ये येऊन सामना संपवणारे कार्पचे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, त्सुनेमी त्सुदा एप्रिलमध्येच आजारी पडले. मेंदूत गाठ होती. यामामोतो यांनी युताका ओनो आणि त्सुदा अशा दोघांवर शेवटच्या इनिंगची भिस्त ठेवली होती. ती योजना आरंभीच मोडली. ओनो यांनी एकट्याने तो भार पेलला, तरुण शिंजी सासाओका त्या वर्षी लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले आणि त्सुदासाठी जिंकायचे या एका ध्यासाने संघ खेळला. जुलै १९९३ मध्ये त्सुदा गेले; वय अवघे ३२. त्याच हंगामात कार्प तळाला गेला आणि यामामोतो यांनी पद सोडले. ज्याचा आधाराचा खेळाडू असा गेला त्या मॅनेजरला केवळ क्रमांकावरून तोलणे मला जमत नाही.

उत्तर ३
धुळ्याहून

वरील दोन्ही उत्तरांत २०१३ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकचा, म्हणजे देशोदेशींच्या संघांच्या जागतिक स्पर्धेचा, उल्लेख आलेला नाही आणि माझ्या मते यामामोतो यांच्या मॅनेजरपदाची किंमत कमी केली जाते ती प्रामुख्याने त्या एका स्पर्धेमुळे. जपानने २००६ आणि २००९ मध्ये ही स्पर्धा जिंकली होती, त्यामुळे तिसऱ्यांदा जिंकणे हा देशाला आपला हक्कच वाटत होता. अमेरिकेत खेळणारा एकही जपानी खेळाडू या वेळी संघात नव्हता, ही अडचण मात्र निकालानंतर फारशी कोणी बोलून दाखवली नाही.

यामामोतो यांनी धावणाऱ्यांना एक मुभा दिली होती: संधी दिसली तर फटक्याची वाट न पाहता पुढच्या बेसवर, म्हणजे धावेच्या पुढच्या टप्प्यावर, पळा, निर्णय तुमचा. या मुभेची दोन फळे दिसली आणि दोन्ही शेजारीशेजारी ठेवून पाहिली पाहिजेत.

पहिले फळ तोक्योत तैवानविरुद्ध. नववी, म्हणजे शेवटची, इनिंग, जपान एका धावेने मागे, दोन जण बाद, पहिल्या बेसवर ताकाशी तोरितानी. येथे तोरितानी बाद झाले असते तर सामना तेथेच संपला असता. ते पळाले आणि दुसऱ्या बेसवर सुखरूप पोहोचले. पाठोपाठ हिरोकाझू इबाता यांनी चेंडू मोकळ्या जागेत मारला, बरोबरी झाली आणि जपानने दहाव्या इनिंगमध्ये ४-३ असा सामना जिंकला.

दुसरे फळ सॅन फ्रान्सिस्कोमध्ये, १७ मार्च रोजी पोर्तो रिकोविरुद्धच्या उपांत्य सामन्यात. आठव्या इनिंगमध्ये जपान ०-३ असा मागे असताना तोरितानी यांनी थेट तिसरा बेस गाठला, इबाता यांनी त्यांना घरी आणले आणि सेइइची उचिकावा यांनीही चेंडू मोकळ्या जागेत काढला. एक बाद, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर माणसे, समोर संघाचा कर्णधार शिन्नोसुके आबे. सामना फिरण्याचा हाच क्षण होता. दुहेरी स्टीलची, म्हणजे दोघांनीही एकदमच पुढच्या बेसवर पळण्याची, मुभा होती. दुसऱ्या बेसवरचे इबाता दोन पावले निघाले आणि थांबले. पहिल्या बेसवरचे उचिकावा मात्र मान खाली घालून पळत सुटले आणि मान वर केली तेव्हा इबाता दुसऱ्या बेसवर परतलेले होते. कॅचर यादिएर मोलिना चेंडू हातात घेऊन स्वतःच पुढे धावत आले. एका बेसवर दोघे उभे राहू शकत नाहीत. उचिकावा बाद झाले. नंतर आबेही बाद झाले आणि जपान १-३ असा हरला.

टीका झाली ती अशी की, अशा क्षणी ‘पळा’ किंवा ‘थांबा’ असे स्पष्ट सांगायला हवे होते. खेळाडूच्या माथी निर्णय का मारला? टीका चुकीची नाही. दोन धावपटूंनी एकाच क्षणी एकच निर्णय घ्यायचा असेल तर मुभा पुरत नाही, आज्ञा लागते. परंतु तोरितानी यांच्या धावेचे श्रेय खेळाडूला आणि उचिकावा यांच्या धावेचा दोष मॅनेजरला, हा न्याय मला मान्य नाही. पद्धत तीच होती.

सेंटर फिल्डर ज्या तऱ्हेने खेळतो त्यातून ही पद्धत येते, असे माझे स्वतःचे मत आहे. चेंडू बॅटवरून सुटला की त्याने पुढे यायचे की मागे वळायचे हे त्याला कोणी सांगू शकत नाही. सांगेपर्यंत चेंडू डोक्यावरून गेलेला असतो. ज्याने वर्षानुवर्षे असे निर्णय स्वतः घेतले तो दुसऱ्यावरही तसाच भरवसा टाकतो. ताई, तुमच्याकडच्या दोघांशी बोलताना हे जरूर विचारा की, मुलींना कोणते निर्णय त्यांचे त्यांना घेऊ द्याल आणि कोणते स्वतःकडे ठेवाल.

पुन्हा प्रश्न
क्रीडाशिक्षिका, चोपडा

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. जुन्या कॅचर भाऊंनी स्वतःच्या बाजूविरुद्धचा दाखला दिला, तो मी बैठकीत त्यांच्याच शब्दांत वाचून दाखवणार आहे. दोन गोष्टी अजून विचारते. २००१ ते २००५ हा त्यांचा दुसरा काळ फसला असे म्हणतात, तो का? आणि त्यांच्या हाताखाली नवे खेळाडू तयार झाले का? आमच्या संघात बहुतेक मुली नववी-दहावीच्या आहेत, त्यामुळे मला या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व अधिक वाटते.

उत्तर ४
तापीकाठ

दुसऱ्या काळात संघ अनुक्रमे चौथा, पाचवा, पाचवा, पाचवा आणि सहावा आला; यात लपवण्यासारखे काही नाही. कारण मुख्यतः पैशाचे होते. खेळाडूला ठराविक वर्षांनंतर संघ निवडण्याचा हक्क मिळू लागल्यावर श्रीमंत संघांनी बोली लावायची आणि कार्पने माणसे गमवायची, असे सुरू झाले होते. होमरन मारणारे अकिरा एतो यामामोतो परत येण्याआधीच जायंट्सकडे गेले होते. २००२ नंतर आउटफिल्डर तोमोआकी कानेमोतो हानशिनकडे गेले. हानशिनने २००३ मध्ये लगेच लीग जिंकली आणि २००५ मध्ये पुन्हा जिंकली, तेव्हा कानेमोतो लीगचे सर्वोत्तम खेळाडू होते. त्याच वर्षी कार्प तळाला. तरीही २००३ नंतर आणखी दोन हंगाम यामामोतो यांनी काढले, हा आपल्या शहराच्या संघाविषयीचा जिव्हाळा आहे असे मी मानतो. पिचर हाताळण्यात ते कमी पडले, असे म्हणणारेही आहेत आणि त्यांचे म्हणणे मी खोडून काढणार नाही.

खेळाडू घडवण्याविषयी मात्र माझ्या मनात शंका नाही. १९८९ च्या निवडीत चौथ्या फेरीत घेतलेल्या तोमोनोरी माएदा या पोराला त्यांनी १९९१ मध्ये सेंटर फिल्डला, म्हणजे स्वतःच्या जुन्या जागेवर, कायम केले. वय २०, आणि त्याच वर्षी क्षेत्ररक्षणाचा सन्मान. पुढे माएदा यांनी २००० हून अधिक हिट्स मारल्या. वर उल्लेखिलेले एतो १९९३ मध्ये, संघ तळाला असताना, ३४ होमरन मारून लीगमध्ये पहिले आले, वय २३. कानेमोतो यांची निवडही १९९१ मधली, तीही चौथ्या फेरीतली. आणि कोइची ओगाता हे तरुण आउटफिल्डर तेव्हा त्याच संघात खेळू लागले होते.

१९९१ नंतर कार्पला लीग जिंकायला २५ वर्षे लागली. २०१६ मध्ये ती जिंकून देणारे मॅनेजर हेच ओगाता. २०१७ आणि २०१८ मध्येही त्यांनीच जिंकली. त्याच तीन हंगामांत हानशिनचे मॅनेजर कानेमोतो होते. २०१६ च्या जपान सिरीजमध्ये कार्पला हरवणारे निप्पॉन-हॅमचे मॅनेजर हिदेकी कुरियामा हेही याकुल्टचे आउटफिल्डर, आणि २०२३ मध्ये जपानला वर्ल्ड बेसबॉल क्लासिक पुन्हा जिंकून दिली ती त्यांनीच. तोक्यो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या जपानी संघाचे मॅनेजर आत्सुनोरी इनाबा हेसुद्धा कारकिर्दीचा मोठा काळ आउटफिल्डलाच खेळले. एवढी नावे बैठकीला पुरावीत. कॅचर उमेदवारही चांगलाच असेल. फक्त दोघांनाही मैदानावर बोलवा, मुलींबरोबर एक सराव घेऊ द्या आणि कोण किती वेळ गप्प राहून पाहतो, मग कोणाला काय सांगतो, ते ज्येष्ठांना स्वतः पाहू द्या.